खंडेनवमीचं व्हॅल्युएशन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. किंबहुना विश्वास न ठेवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी वाहनांचा सर्व्हेअर. अपघात झालेल्या गाडीचं नुकसान किती, जुनी गाडी विकायची तर तिची किंमत किती, हे ठरवायचं आणि खाली सही करायची. "साहेब, गाडीला साधा ओरखडासुद्धा नाही" असं कुणी म्हणालं की मी दारावर बोटाच्या पेरानं टकटक करतो. खरा पत्रा खणखणीत वाजतो, आतून पुट्टी भरलेली असेल तर बद्द. मालकाचा चेहरा तिथेच उतरतो. या सदरातले लोकांचे अनुभवही मी आजवर असेच मनातल्या मनात टकटक करत वाचत आलो... आता माझ्या अनुभवावर तुम्ही करा. मला राग येणार नाही.

गोष्ट बडोद्याची, नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. तेव्हा ज्याच्या त्याच्या दारात नवी कोरी गाडी येत होती आणि जुन्या गाड्या भंगारात चालल्या होत्या. मी तेव्हा रावपुऱ्यात राहत होतो. आईची हळदीकुंकवातली एक मैत्रीण होती, मोहितेकाकू. हरणीला त्यांचं बैठं घर, मागे पत्र्याची शेड. मोहितेकाका बोअरिंगची कामं घ्यायचे. पादऱ्याकडची शेतं, महीकाठची कोतरं म्हणजे खोल घळी, जिथे रस्ता नावाला नाही तिथे पाइप आणि पंप घेऊन जायचे ते एका अमेरिकन पिकअपमधून. युद्धाच्या काळातली, मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, चारही चाकांना ताकद देणारी ती गाडी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गाड्यांचे शौकीन लगेच शोधायला निघतील. उंच, रुंद मडगार्डांची, दोन तुकड्यांच्या काचेची, पुढे लोखंडी दोर गुंडाळायचं यंत्र. कोतरात अडकलेले ट्रॅक्टर काका त्या दोरानं ओढून काढायचे म्हणे. अशी गाडी मी आधी फक्त फोटोत पाहिली होती.

काका जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा गिरीश पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत. हरणीची जागा बिल्डरला दिलेली, तिथे सोसायटी होणार, काकू पुण्याला जाणार... सगळं ठरलेलं. राहिली होती ती गाडी. पादरा रोडचा भंगारवाला येऊन बघून गेला होता. "भाई, आ तो खाली लोखंड छे," म्हणजे हे नुसतं लोखंड, एवढं त्याचं व्हॅल्युएशन. दुसरीकडे अहमदाबादचे एक शेठ होते, जुन्या गाड्या जमवणारे. पण ते म्हणाले, आधी सर्व्हेअरचा रिपोर्ट पाठवा, मगच पुढची बात. गिरीशनं आईला सरळ सांगितलं होतं. गाडीत दम आहे असा रिपोर्ट आला तर शेठजींना देऊ, नाहीतर दसऱ्याच्या दुपारी भंगारवाला गॅस कटर घेऊन येईल. काकूंचं मागणं एकच होतं. कुणालाही द्या, पण तिला कापू नका.

म्हणजे ती गाडी राहणार की तिचे तुकडे होणार, ते माझ्या सहीवर होतं. आणि गिरीशला रजा मिळाली ती नेमकी खंडेनवमी-दसऱ्याची.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यासारख्या घरांत, जिथे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, तिथे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. पूजा झालेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलायचं नाही, त्याला विश्रांती. आता तलवार एकच उरलीय आणि तीही म्यानातून निघत नाही, म्हणून तिच्या शेजारी ज्याची जी हत्यारं असतील ती मांडायची. आमच्या पाटावर माझा टॉर्च, पुट्टी शोधायचा लोहचुंबक आणि छोटी हातोडी झेंडूच्या फुलांखाली निजली होती.

मी हळूच टॉर्चकडे हात नेला तर आई कडाडली, "नवमीला हत्यार उचलतोस?"

"अगं, हरणीला जायचंय. मोहितेकाकूंची गाडी बघायला."

"मग मोकळ्या हातानं जा. नुसतं बघायचं तर आहे ना?"

आईशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? स्कूटरला किक मारली आणि भर दुपारी मोकळ्या हातानं हरणीला पोचलो.

"या जाधवभाऊ, केम छो? आई मजेत ना?" काकू दारातच उभ्या होत्या. मागे गिरीश, हातात चहाचा कप, कपाळावर आठ्या. शेडमध्ये गेलो तर गाडीचीही पूजा झालेली. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा जाड हार, पुढे नारळ. मी सवयीनं बॉनेटच्या कडीला हात घातला आणि काकू एकदम पुढे आल्या.

"आज नाही हं. पूजा झालीय. उद्या सकाळी उघडा ने."

"आई, सर्व्हेअर आहेत ते. इंजिन न बघता काय लिहिणार?" गिरीश वैतागला.

"उद्या," काकू म्हणाल्या. आवाज शांत होता, पण हात बॉनेटवरच राहिला. मला तेव्हा ते फक्त सोवळंओवळं वाटलं. आमच्या घरची हत्यारंही निजलेलीच होती, मी कुठल्या तोंडानं बोलणार? म्हटलं, बाकीचं तर बघून घेऊ.

गाडीभोवती फिरलो. टकटक, टकटक... खणखणीत! कुठेही पुट्टी नाही. टॉर्च नव्हता, म्हणून उजेडाकडच्या मागच्या बाजूनं खाली वाकून चासी पाहिली. गंज वरवरचा. एवढ्या जुन्या गाडीचं हाड इतकं शाबूत मी क्वचितच पाहिलंय. तेवढ्यात घरात फोन वाजला आणि गिरीश आत गेला. काकू शेडच्या दाराशी खाली पडलेल्या पाकळ्या वेचत होत्या. मी केबिनमध्ये चढून बसलो. स्टिअरिंग केवढं मोठं! क्लच दाबून पाहिला, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला.

दांडा थरथरत होता.

अगदी हलकी थरथर, इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली की येते तशी. मग आवाज जाणवला. आवाज असा कानावर आदळला नाही... आपण घरात बसलेलो असतो आणि शेजारच्या नळाचं पाणी केव्हापासून वाहतंय हे एकदम लक्षात येतं ना, तसं. सहा सिलिंडरचं इंजिन, जड, सावकाश. पाच ठोके आणि एक रिकामा. पाच ठोके आणि एक रिकामा. मी मनात नोंद केली — एक सिलिंडर मिस मारतोय. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला वाटलं, या जुन्या गाड्यांचा स्टार्टर पायाशी असतो, माझाच पाय पडला असणार. मी ऐकत बसलो. थोड्या वेळानं तो रिकामा ठोका भरून निघाला आणि इंजिन एकसारखं चालायला लागलं. मग हळूहळू आवाज उतरत गेला, शेवटी एक आचका बसला आणि बंद. गरम तेलाचा वास मात्र येत राहिला.

मी खाली उतरलो तेव्हा गिरीश परत येत होता. मी खुशीत होतो. "इंजिनची काळजी सोडा. सुरुवातीला एक सिलिंडर मिस मारतो, व्हॉल्व्ह चिकटत असणार. गरम झाल्यावर नीट चालतं. तुम्ही त्या भंगारवाल्याला नाही म्हणून टाका."

गिरीश माझ्याकडे बघतच राहिला. "कुणाचं इंजिन?"

"हिचंच. आत्ता तर चालू होती."

"मी इथेच आतल्या खोलीत होतो. मला तर काहीच ऐकू आलं नाही."

काकूंच्या मुठीतल्या पाकळ्या खाली पडल्या. चेहरा पांढराफटक. त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "उद्या सोनं द्यायला या, जाधवभाऊ. या हं नक्की."

स्वतः काही ऐकलं नसलं तरी गिरीशनं सर्व्हेअरचा शब्द म्हणून भंगारवाल्याला फोन करून येऊ नको सांगितलं.

दसऱ्याच्या सकाळी आपट्याची पानं घेऊन गेलो. काकूंच्या हातावर सोनं ठेवलं, वाकून नमस्कार केला. त्यांनी स्वतः नारळ उचलला, हार काढला आणि म्हणाल्या, "उघडा आता."

मी बॉनेट उचललं... आत काही नव्हतं. खरंच काही नव्हतं. रेडिएटर होता, सुतळीनं बांधून ठेवलेल्या नळ्या होत्या, आणि इंजिनाच्या जागी खालची जमीन दिसत होती. पुसून स्वच्छ केलेली रिकामी जागा. बॅटरीही नव्हती. मी त्या जागेत हात घालून पाहिला.

"आई, इंजिन कुठंय?" गिरीश ओरडलाच.

काकूंनी कमरेची किल्ली काढली आणि मागची खोली उघडली. जमिनीवर जुन्या चादरी अंथरलेल्या आणि त्यांवर ते इंजिन, सुटं करून, ओळीनं मांडलेलं. प्रत्येक भाग तेल लावून पुसलेला. काकांनी ते शेवटच्या वर्षी खोलायला घेतलं होतं, दसऱ्याला नव्यासारखं सुरू करायचं म्हणून. तेवढ्यात ते गेले. नंतर काकूच दर आठवड्याला एकेक तुकडा पुसून परत जागेवर ठेवायच्या. गिरीशला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"इंजिन खोललंय म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, मोडलेली गाडी आहे, द्या भंगारात," काकू म्हणाल्या. "म्हणून काल उघडू दिलं नाही. आजचं काय करायचं, मला सुचत नव्हतं. आणि हे भाऊ म्हणाले, चालू होती..." गिरीश खाली बसला आणि त्यानं एक पिस्टन हातात घेतला.

मी एकेक भाग तपासत गेलो. सगळं होतं, अगदी बारीक स्क्रूपर्यंत. एका लाकडी फळीला भोकं पाडून काकांनी व्हॉल्व्ह क्रमानं उभे केले होते. सगळे घासून चकचकीत केलेले. फक्त एक काळाकुट्ट, चिकटा साचलेला.

"हाच अडून बसायचा," काकू म्हणाल्या. "सकाळी निघताना गाडी अडखळायची, गरम झाली की नीट. हे म्हणायचे, तेवढा एक राहिलाय."

हे ऐकल्यावर गिरीशनं माझ्याकडे पाहिलं. मी आदल्या दिवशी त्याला काय सांगितलं होतं, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

रिपोर्टमध्ये मी जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहिलं. इंजिन मूळ, संपूर्ण, सुटं केलेलं. चासी उत्तम. ऐकलेलं लिहायला रकाना नसतो. शेठजी तर उलट खूश झाले. अशा गाड्यांना पुढे कुणीतरी भलतंच डिझेल इंजिन बसवलेलं असतं, इथे मूळ इंजिन घरात सांभाळून ठेवलेलं. भंगारवाल्याच्या कैकपट किंमत आली. माझ्या अंदाजापेक्षाही जास्त.

तुम्ही विचाराल, जवळपास कुठे जनरेटर चालू नव्हता ना? मीही विचारलं. गरब्याच्या मैदानात जनरेटर होता, पण डिझेलचा, त्याचा आवाज निराळा, आणि तो दिवे लागल्यावरच सुरू व्हायचा. काकांच्या तोंडून कधी त्या व्हॉल्व्हचं ऐकलं असेल का? काकांना मी उभ्या आयुष्यात दोनदा भेटलो, दोन्ही वेळा लग्नाच्या पंगतीत. मनाचे खेळ म्हणावं, तर माझ्या मनाला तो एक व्हॉल्व्ह कसा माहीत?

पण हे सगळं लिहायला बसलो ते निराळ्याच गोष्टीसाठी.

गाडी न्यायला शेठजींचा ट्रेलर आला, त्या दिवशी काकूंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. इंजिनाचे भाग पेट्यांत भरून झाले. माणसं दोर बांधायला पुढे सरकली तसं काकूंनी त्यांना हातानं थांबवलं आणि मला बाजूला घेतलं.

"भाऊ, एक विचारू? दोन वर्षं मी रोज संध्याकाळी इथे दिवा लावते. मला एकदाही ऐकू आली नाही. त्या दिवशी मी तुमच्यापासून चार पावलांवर होते, तेव्हाही नाही." त्यांचे डोळे भरून आले. "तुम्हालाच का?"

मी कोण लागतो यांचा? ज्या बाईनं तुकडे पुसत दोन वर्षं काढली तिला सोडून तो आवाज माझ्यासारख्या परक्याला ऐकू यावा, हा कसला न्याय?

"कसा होता, तेवढं तरी सांगा," त्या म्हणाल्या.

सांगणार कसं? मी मडगार्डवर बोटाची पेरं ठेवली आणि टकटक करून दाखवायला लागलो. पाच ठोके, एक रिकामा. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी मान हलवली. "एवढी घाई नसते हो तिला." आणि त्यांनी आपली बोटं पत्र्यावर टेकवली.

जड, सावकाश. पाच ठोके... आणि एक रिकामा. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. गिअरच्या दांड्यावर जे हाताला लागलं होतं ते हेच. ही चाल मला धरता आली नव्हती, ती त्यांच्या बोटांना येत होती. मी हात काढून घेतला. त्या वाजवत राहिल्या. मग केव्हातरी तो रिकामा ठोका आपोआप भरला आणि बोटं एकसारखी चालू लागली. काकूंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"झाली गरम," त्या म्हणाल्या. पदरानं मडगार्ड पुसलं आणि माणसांकडे वळून म्हणाल्या, "न्या आता."

इतकी वर्षं झाली. आवाज मी ऐकला, ओळखला त्यांनी. पण ज्या गाडीत इंजिनच नव्हतं तिच्यातून तो आला कसा, हे मला आजही सांगता येत नाही.