कोशकाकांची वही

आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करणारे कोशकाका तीस वर्षं एकाच खुर्चीत बसले. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकातून बघत बोलायच्या, काका टाइप करायचे आणि शेजारच्या टेबलावर मी काचपट्ट्या रंगवायचे. शब्दाचं मूळ कळल्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही, हा काकांचा नेम. त्यासाठी त्यांनी एक जाडजूड वही केली होती. मलेरिया म्हणजे वाईट हवा, कारण नाव पडलं तेव्हा डासावर कुणाचा संशयच नव्हता. आर्टरी, म्हणजे धमनी, हे नाव हवेवरून पडलं; तिच्यातून हवा वाहते असं जुन्या लोकांना वाटायचं, कारण मेलेल्या माणसाची कापली की ती रिकामी दिसायची. कॅन्सर म्हणजे खेकडा, गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा त्याच्या पायांसारख्या दिसल्या म्हणून.

गल्लीतले लोक आपापले रिपोर्ट घेऊन काकांकडे यायचे. काका नाकावर चष्मा ओढून मूळ सांगायचे आणि लोक औषध मिळाल्यासारखे घरी जायचे. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणं म्हणतात ते हेच, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं. ते हसले होते.

मग त्यांच्या थोरल्या बहिणीच्या आतड्यातला तुकडा आमच्याकडेच तपासायला आला. आई लवकर गेल्यावर या आक्कानंच काकांना वाढवलेलं. रिपोर्ट काकांनी स्वतः टाइप केला. शब्द होता कार्सिनॉइड. वहीत लिहिलेलं होतं: कॅन्सरसारखा, पण कॅन्सर नव्हे. त्याच संध्याकाळी ते आक्काकडे धावले. चार दिवस धड न जेवलेली आक्का पोटभर जेवली आणि सोमवारची सर्जनची भेट तिनं रद्द करून टाकली.

दुसऱ्या दिवशी काकांनी लॅबमध्ये बिस्किटं वाटली. कारण कळलं तशी डॉक्टरबाईंनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"काका, कार्सिनॉइड हे नाव ठेवलं तेव्हा तो निरुपद्रवी वाटला होता. ज्यानं ठेवलं, त्यानंच पुढे चूक कबूल केली. नाव तेवढं राहिलं. हळू वाढतो, पण आहे कॅन्सरमधलाच. काढायलाच हवा, आणि वेळेवर काढला तर बहुतेक निभावेल."

काका वहीची पानं पुढेमागे करत बसले. मला त्यांचा राग आला होता. मग त्यांनी मला विचारलं, "हवेनं मलेरिया होत नाही, हे मला ठाऊक होतं. आर्टरीत रक्त असतं, हेही. मग याच नावावर मी विश्वास का ठेवला?" ज्या माणसाला सगळे अर्थ विचारायचे, त्यानं मला विचारावं, यानंच मी गोंधळून गेले. ते वही घेऊन आक्काकडे निघाले, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेले.

आक्कानं दार उघडलं. काकांनी वही पुढे केली, मग मागे घेतली, मग बुटांसकट आत शिरून उभे राहिले. ती आधी बुटांकडे बघत होती, मग त्यांच्या तोंडाकडे.

"आक्का, माझं चुकलं. तो त्यातलाच आहे."

आक्का खुर्चीत बसली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"काढता येतो?"

"येतो. डॉक्टरबाई म्हणाल्या."

"मग काल तसं का सांगितलंस?"

काकांनी वहीकडे बघितलं. त्यात हे लिहिलेलं नव्हतं.

"तेच खरं असावं असं मला वाटत होतं," ते म्हणाले आणि रडायला लागले.

आक्कानं त्यांच्या हातातली वही काढून घेतली, मिटली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"बूट काढ आधी. आणि त्या सर्जनला फोन लाव," ती म्हणाली. "बोलेन मी. तू नुसता शेजारी बस."