माझ्या पासपोर्टची चौकशी

जगात एकही प्रश्न विचारायचा राहून जाऊ नये, एवढ्यासाठीच देवाने माझ्या मामांना जन्माला घातलं असावं. नंदुरबारच्या मामलेदार कचेरीत ते कारकून होते. पण पगार मिळाला नसता तरी त्यांनी चौकशा सोडल्या नसत्या. बाजारात भोपळा घेताना वेल कुणी लावला हे ते विचारत. एकदा नवापूरला निघाले आणि गाडीत शेजारच्या अनोळखी माणसाच्या बायकोचं माहेर विचारता विचारता उतरायचं विसरून थेट सुरतेला पोचले. दुसऱ्या दिवशी परत आले ते मोठ्या खुशीत. "नवापूर काय पळी जास का?" म्हणाले.

अशा माणसाच्या हाती माझा पासपोर्टचा अर्ज पडला. युगांडातल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात मला फिटरची जागा मिळाली होती, पण दिवाळीच्या आत बोटीत बसलो नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. अर्ज मुंबईहून धुळ्याला आणि धुळ्याहून मामांच्या टेबलावर आला. शेरा होता : अर्जदाराची गावात ओळख पटवून कळवावे. मला वाटलं, आता काय, घरचंच काम! मामांनी मला समोर उभं केलं, चष्मा चढवून मानेवरचा तीळ तपासला आणि बापाचं नाव विचारलं.

"मामा, तुम्ही मला ओळखत नाही?"

"भाचा, माले ठाव शे. पन सरकारले कोठे ठाव शे?"

नातेवाइकाची साक्ष चालणार नव्हती, म्हणून ते दप्तर घेऊन आमच्या गावी आले. आता सरकारी माणसाने कुणाचं नाव घेतलं की त्याला ओळखत नाही म्हणायचं, हा आमच्या गावचा जुना शेजारधर्म. पोराने काहीतरी गुन्हा केलाय, एवढंच सगळ्यांनी ताडलं. जिच्या अंगणात मी रांगलो, ती म्हातारीही माझ्याकडे बघून म्हणाली, "नही बा, हाऊ कोन शे?" मामा प्रत्येक जबानी प्रामाणिकपणे लिहून घेत. तीन खेपा झाल्या. धुळ्याहून उशिराचा जाब विचारणारी पत्रं येऊ लागली. मामांनी उत्तर धाडलं : अर्जदार स्वतःच्या गावात कोणासही माहीत नाही, चौकशी चालू आहे. दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि मला अन्न जाईना.

शेवटी मामा आमच्या बांधाशेजारच्या शेतकऱ्याकडे गेले. त्याचं आमच्याशी दोन पिढ्यांचं वैर. माझं नाव ऐकताच तो खाटेवरून उठला. "याले नही वळखस तं कोनले वळखसू? मन्हा बांध कोरनारा हाऊच! जन्मपासून वळखस मी याले!" पुढे त्याने माझ्या आज्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. मामांनी शांतपणे लिहिलं : साक्षीदार अर्जदारास जन्मापासून ओळखतो व त्याच्याविषयी तीव्र भावना बाळगतो. ओळख पटली. मला तर त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

पासपोर्ट वेळेत आला, तो स्टेशनावर मामांनीच हातात दिला. गाडीची वेळ झाली होती. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, तेव्हा बोटीबद्दल शंभर गोष्टी विचारतील असं मला वाटलं. पण माझी ट्रंक डब्यात चढवून ते खिडकीशी नुसते उभे राहिले.

"परत कव्हय येशी?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षांत, मामा."

मला नऊ वर्षं लागली, आणि मी आलो तेव्हा मामा नव्हते. गावाने खोटं सांगितलं ते मला वाचवायला; मामांच्या शेवटच्या प्रश्नाला खोटी जबानी दिली ती मात्र मीच.