दोनदा उकळलेली पत्ती

ही वही कुणाच्या हाती पडलीच तर माझ्या अक्षराला हसू नका. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ओळी वरखाली गेल्या असतील, त्याची माफी मागते. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. पण मावशीची गोष्ट तोंडाने मला कधी कुणाला सांगता आली नाही, म्हणून लिहिते.

मावशी म्हणजे माझ्या नवऱ्याची मावशी. नारपोलीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत तिची चहाची टपरी होती. लग्न होऊन मी पडघ्याकडून आले आणि महिन्याभरात तिच्याकडे ग्लास विसळायला बसले. मला ते काम आवडलं. पाठ रस्त्याकडे, तोंड बादलीकडे, कुणाशी बोलायला नको.

मावशी फक्त चहा करी. कुणी भजी मागितली की म्हणे, "भजी खायाची तर फुडं जा. हितं चाय हाय." आलं किसायचं नाही, ठेचायचं. लूमच्या खडखडाटात उकळी ऐकू येत नसे, म्हणून पातेल्यातल्या डावाचा दांडा ती दोन बोटांत धरून ठेवी. उकळी त्या दांड्यातून बोटाला कळते, असं म्हणायची. तीन वर्षं मी ती बोटं बघत होते. एकदा तरी तो डाव आपण धरावा असं फार वाटे, पण मागायला जीभ उचलत नव्हती.

नव्वद सालाच्या आसपास मागच्या गल्लीतल्या एका शेठने जपानहून मशीन आणली. ती बसवायला तिकडचाच एक मिस्त्री आला, सोबत त्याचं बोलणं हिंदीत सांगणारा माणूस. एकदा दोघे टपरीवर चहाला आले. मिस्त्रीने गरम ग्लास नको तिथे धरला, बोटं भाजली, मग रुमालात धरून प्यायला. दुसरा मागितला. पिताना त्याची नजर मावशीच्या बोटांवर होती. मग तो काहीतरी बोलला.

"बोलते हैं, इनके गाँव में एक बुड्ढा है," सोबतचा म्हणाला. "साठ साल से सिर्फ कॉफी बनाता है. कपड़े से छान के, बूँद-बूँद. बेटे को दस साल हुए, अभी तक खाली वो कपड़ा धोता है."

"साठ वर्सं?" मावशी म्हणाली. "मंग अजून शिकला न्हाय का?"

बाकावरचे सगळे हसले. सोबतच्याने मिस्त्रीला ते सांगितलं, पण तो हसला नाही. मान हलवून हळूच काही बोलला.

"बुड्ढा बोलता है, नहीं, अभी सीख रहा हूँ."

त्या संध्याकाळी शेवटचं पातेलं उतरवताना तिने चहा दोनदा चाखून पाहिला.

पंधरा दिवसांनी तिला गावी मयतीला जावं लागलं. जाताना डाव माझ्या हातात दिला. "एक दिस सांभाळ." मी इतकी हरखले की सकाळीच पत्ती जास्त टाकली. दुपारी शिफ्ट बदलायच्या वेळेला डबा रिकामा. वाण्याचं दुकान समोरच होतं, पण दारात पुरुषांचा घोळका उभा. त्यांच्यातून वाट काढून "पत्ती द्या" म्हणायचं मला धाडस झालं नाही. सकाळचा चोथा गाळणीजवळ पडला होता. तोच परत उकळला आणि आलं दुप्पट घातलं. एका कारखान्याचा माणूस एकतीस ग्लासांची किटली घेऊन गेला. रिकामी किटली परत आणताना म्हणाला, "भाभी, आज एकदम कड़क!"

संध्याकाळी मावशी आली. आधी तिने चोथाच चिमटीत घेऊन चोळला.

"दोनदा उकळलास. किती ग्लास गेलं?"

"एकतीस."

गल्ल्यातून एकतीस रुपये काढून तिने माझ्या पदरात टाकले. "उद्या जा आन ज्यानं ज्यानं पेली त्याला परत दे. तुझ्या हातची व्हती, तूच दे. सगळं फिटल्याबिगर डावाला हात लावायचा न्हाय."

"मावशी, त्यांना चांगली लागली."

"त्यांना लागली. तुला तर ठावं हाय ना?"

रात्रभर वाटलं, पळून पडघ्याला जावं. पण तो डाव हातात धरल्याचं विसरता येईना. सकाळी कारखान्यात शिरले. आवाज एवढा की प्रत्येकाच्या कानाजवळ जाऊन ओरडावं लागलं, "कल की चाय खराब थी, पैसे वापस!" एक जण म्हणाला, "भाभी, हमारे सेठ को भी सिखाओ ये!" लाजेने मी अर्धी झाले, पण तीस जणांचे पैसे दिले. एकतिसावा आदल्या रात्रीच मुलुखाला, आपल्या गावाकडे, निघून गेला होता. परत येईल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

तो रुपया मावशीने फळीवर उपड्या ग्लासाखाली ठेवला. चार महिने मी बाकीचे ग्लास विसळत राहिले. कपडा धुणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या मुलाची आठवण यायची. त्याला दहा वर्षं, माझा एकच रुपया बाकी, असं मनाशी म्हणायचे. दर आठवड्याला मीच कारखान्यात जाऊन विचारी, "आया क्या?" मावशीने एकदाही विचारलं नाही.

गव्हाची कापणी आटोपून तो आला. मी ओल्या हातानेच रुपया घेऊन धावले.

"कौन सी चाय?" त्याला काही आठवेना. मी पत्ती, चोथा, आलं, सगळं एका दमात ओरडून सांगितलं. त्याने लूम थांबवला. कापडाच्या मीटरवर पैसे मिळणारा माणूस लूम थांबवत नाही. "चार महीना रखा?" म्हणाला आणि रुपया खिशात टाकला.

टपरीवर आले तर मावशीने तो उपडा ग्लास स्वतः विसळून ठेवला होता.

"दिलास?"

"दिला."

"फिटलं मंग," म्हणाली आणि चुलीपुढून बाजूला सरकली.