मेलबर्न ते मिल्ड्युरा, व्हाया लीगाची बैठक

लॉकडाउनमधली घरापासून पंचवीस किलोमीटरची मर्यादा उठल्याची बातमी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात लीगाला पोळी लाटायला शिकवत होती. लीगाच्या पोळीचा आकार त्या दिवशी साधारण टास्मानियासारखा होता. मी ओरडले, "बाहेर पडता येणार!" आई म्हणाली, "आधी पोळी उलट."

सहलीचं निमित्त लीगाचंच. लीगा म्हणजे माझी भाडेकरू. वय सव्वीस, देश लॅटव्हिया, मुक्काम मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातल्या माझ्या घराची मागची खोली. युनीत फूड सायन्स शिकायला आली, शिक्षण संपलं, करोनात कॅफेतली नोकरी गेली. बाहेरून मजूर येईनात म्हणून शेतांवर माणसांची टंचाई होती, त्यामुळे व्हिसा वाढला आणि मिल्ड्युराजवळच्या एका मळ्यात मँडरिन तोडायचं काम मिळालं. सोमवारपासून हजर व्हायचं होतं. तिच्याकडे गाडी नव्हती. माझ्याकडे गाडी होती, न वापरलेली रजा होती आणि घरात बसून कंटाळलेली आई होती.

आईबद्दल आधी सांगायला हवं. तिने कोथरूडात बावीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवलं. २०२०च्या फेब्रुवारीत ती माझ्याकडे सहा आठवड्यांसाठी आली आणि जगाची दारं बंद झाली. या सहलीला निघालो तेव्हा तिला सोळा महिने झाले होते. एवढ्या काळात एकही लग्न जमवता आलं नाही, त्यामुळे तिच्या हाताला चैन नव्हतं. माझ्यासाठी प्रयत्न करायचं तिने मी पस्तिशी ओलांडल्यावर सोडून दिलं होतं.

बुधवारी सकाळी नऊला निघालो. मेलबर्न ते मिल्ड्युरा सुमारे साडेपाचशे किलोमीटर. काल्डर हायवे पकडायचा आणि तो संपेपर्यंत सोडायचा नाही, इतका सोपा रस्ता आहे. एका दमात सहा तासांत होतो. आई बरोबर असेल तर दोन दिवस धरा. पेट्रोल जायला एक टाकी, यायला एक. डब्यात मेथीचे ठेपले, दही, तिळाची चटणी. लीगाच्या डब्यात काळी राय ब्रेड, जिला आई 'तुमची नाचणीची भाकरी' म्हणते.

बेंडिगोला कॉफी घेतली. जिथे जाल तिथे दारात फोनवर चेक-इन करायचा तो जमाना. आईच्या फोनवर ते कधीच व्हायचं नाही. मग ती काउंटरवरच्या मुलीला स्वतःचं नाव, वारलेल्या नवऱ्याचं नाव आणि पुण्याचा पत्ता तोंडी सांगायची. मुलगी म्हणाली, "नो वरीज, लव्ह." आई खूश. "बघ, मला लव्ह म्हणाली. तू कधी म्हणालीस?"

पुढे वायचप्रूफ नावाचं गाव लागतं. इथे हायवेच्या मधोमध रेल्वेचे रूळ आहेत, आणि गावाचा दावा असा की त्यांच्याकडे जगातला सर्वांत छोटा पर्वत आहे. उंची चाळीस मीटरच्या वर थोडी. सिंहगड चढलेल्या बाईपुढे हे काय! पण आईने बूट आवळले, पदर खोचला आणि तोंडाने 'हर हर महादेव' म्हणत चढाई सुरू केली. माथ्यावर पोचून ती गार वाऱ्यात दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "झालं? एवढंच?" वर फोनला रेंज मात्र उत्तम.

दुपारचे बरोबर चार वाजले होते, म्हणजे लॅटव्हियात सकाळचे नऊ. लीगाचा फोन वाजला. तिने नंबर बघून कपाळाला हात लावला आणि स्पीकर चुकून चालू झाला.

फोनवर होत्या इनाराबाई. लीगाच्या जिल्ह्याच्या कचेरीत यांची नोकरीच अशी, की परदेशी गेलेल्या पोरांना फोन करायचा आणि गोडीगुलाबीने विचारायचं, 'बाळा, परत कधी येतेस?' मी चाट पडले. आपल्याकडे हे काम आया फुकट करतात. लॅटव्हियात त्यासाठी खुर्ची, टेबल आणि पगार आहे! कारण माणसंच उरली नाहीत. लीगा स्वतः पंधराव्या वर्षी आईबरोबर आयर्लंडला अळंबीच्या शेडमध्ये गेली, मग इंग्लंडात स्ट्रॉबेरी, मग इथे. तिच्या शाळेतल्या वर्गाचं गेट-टुगेदर करायचं म्हटलं तर सगळ्यांना डब्लिन सोयीचं पडतं.

फोन ठेवल्यावर तिने सगळं सांगितलं. गावातल्या चीजच्या कारखान्यात प्रयोगशाळेची जागा निघाली होती. तिच्या शिक्षणाचं काम, राहायला घर. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं. पण आत्ता ऑस्ट्रेलियाबाहेर पाऊल टाकलं की तिच्यासारखीला परत शिरता येणार नव्हतं. गेली की गेली. इकडे तोडणीनंतर एका मैत्रिणीच्या ओळखीने अॅडलेडला नोकरीची आशा होती.

"तीन आठवडे रोज चारला ती फोन करते आणि मी 'विचार करते' म्हणतेय," लीगा म्हणाली. "मला झोप येत नाही."

आईच्या डोळ्यांत मला ती चमक दिसली. बावीस वर्षं पाहिलेली. "स्थळ आलंय," ती हळूच म्हणाली.

"आई, नोकरी आहे ती."

"चौकशी केल्याशिवाय मुलगी द्यायची? उद्या चारला फोन मला दे."

बुधवारचा मुक्काम सी लेक गावात मोटेलमध्ये केला. गुरुवारी सकाळी टिरेल सरोवर पाहिलं. मिठाचं प्रचंड तळं, हिवाळ्यात वर पाण्याचा पातळ थर, त्यात आख्खं आभाळ उतरतं. जायचं तर गमबूट न्या. आम्ही नेले नव्हते. लीगा अनवाणी आत शिरली आणि थंडीने तिच्या भाषेत काहीतरी सणसणीत बोलली. आईने पाण्यात बोट बुडवून चाखलं. "लोणच्याला चालेल," ती म्हणाली आणि पिशवी मागायला लागली. मीठ न्यायचं नसतं हे पटवण्यात अर्धा तास गेला. खरं सांगते, फोटोत दिसतं त्याहून सुंदर आहे.

दुपारी उयेनला पोचलो. उयेनची व्हॅनिला स्लाइस प्रसिद्ध आहे: दोन खुसखुशीत पापुद्रे, मध्ये कस्टर्डची वीट, वर आयसिंग. बेकरी बंद व्हायच्या आत तीन घेतल्या आणि बागेतल्या बाकावर बसलो. चार वाजले. आईने पर्समधून वही काढली, चष्मा लावला, फोन मध्ये ठेवला. बैठक सुरू झाली.

"नमस्ते इनाराताई. आय अॅम फ्रॉम गर्ल्स साइड."

मग इनाराबाई सावधपणे म्हणाल्या, "हॅलो, गर्ल्स साइड."

"फर्स्ट क्वेश्चन. व्हॉट इज द वॉटर टाइमिंग?"

"सॉरी?"

"इन द टॅप. मॉर्निंग ऑर इव्हनिंग?"

पाणी नळाला दिवसभर असतं, असं उत्तर आलं. आईने फोनवर हात ठेवला. "चोवीस तास म्हणते. थाप असेल." तरी वहीत लिहिलं.

मग घर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मग उजेड. डिसेंबरात सूर्य नऊला उगवतो आणि साडेतीनला मावळतो, हे इनाराबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. आईने लिहिलं, 'उजेडात खोट आहे.' मग कारखान्याचे साहेब. "डझ ही ड्रिंक?" पलीकडे जरा विचार झाला. "नॉर्मल," इनाराबाई म्हणाल्या. आईने लिहिलं, 'पितो. नॉर्मल.'

लीगा कस्टर्ड नाकात जाईपर्यंत हसत होती. मी तोंड लपवायला जागा शोधत होते. पण आई थांबते कुठली! तिने कारखान्याची स्थापना कोणत्या तारखेची ते विचारलं. इनाराबाईंनी बिचाऱ्यांनी उठून कुठूनतरी शोधून सांगितलं. आईने आपल्या फोनवरच्या पंचांगात लीगाची आणि चीजच्या कारखान्याची पत्रिका ताडून पाहिली. छत्तीसपैकी बावीस गुण जुळले.

"बावीस इज गुड," आईने जाहीर केलं. "मंगळ नाही."

आता वरपक्षाला रंग चढला. इनाराबाई म्हणाल्या, त्यांचीही एक अट आहे. मुलगी अजून गाते का? गावाच्या गायनमंडळातल्या खालच्या सुरात गाणाऱ्या सगळ्या बायका आयर्लंडला गेल्या होत्या. उरले होते तीन म्हातारे आणि त्या स्वतः. "आम्ही हल्ली जे गातो ते ऐकून कुत्री भुंकतात," त्या म्हणाल्या.

"माझा आवाज वरचा आहे," लीगा म्हणाली.

"आम्ही तक्रार करण्याच्या स्थितीत नाही," इनाराबाई म्हणाल्या.

बैठक पाऊण तास चालली. शेवटी आईने प्रवासखर्च वरपक्षाचा असं ठणकावलं, आणि इनाराबाईंनी काही मदत मिळते का बघते म्हणून शब्द दिला. आईने वही मिटली. सोळा महिन्यांत मी तिला इतकी ताजीतवानी पाहिली नव्हती. लीगा मात्र मिल्ड्युरापर्यंतचा तासभर खिडकीबाहेर द्राक्षांचे बोडके वेल बघत बसली.

मिल्ड्युरात मरी नदीकाठच्या कॅरव्हान पार्कमध्ये केबिन घेतली. स्वयंपाकाची सोय असते, कुकर न्या. शुक्रवारी दुपारी मळ्यावर गेलो, लीगाची राहायची सोय बघायला. मळ्याच्या एका कोपऱ्यात पर्यटकांसाठी 'तुम्हीच तोडा' अशी सोय होती. आईला व्हिझिटर व्हिसावर काम करायची परवानगी नाही. म्हणून तिने रीतसर पैसे भरून तीच मजुरी केली.

मंडईत भाजी पारखण्यात आयुष्य गेलेल्या बाईच्या हातात कात्री आणि समोर फळांनी लगडलेलं झाड! प्रत्येक मँडरिन ती दाबून बघे, हुंगे, उन्हात फिरवून देठ तपासे आणि मान हलवून पुढच्याकडे वळे. तासाभरात बादलीचा तळ झाकला नाही. क्रेग नावाचा मुकादम लीगाला सोमवारचं काम समजावायला आला होता. तो थोडा वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, "मेट, तुझी आई सोमवारपासून येणार नाही ना?"

चार वाजले.

फोन वाजला आणि लीगाने तो उचलून शेजारच्या रिकाम्या उलट्या बादलीवर ठेवला. आईने वही काढली, पण लीगाने तिचा हात धरला. "आई, थांब. आता मी विचारते. पण तुला."

लीगा इंग्रजीत बोलत होती, इनाराबाईही ऐकत होत्या. "माझी आई आयर्लंडमध्ये आहे. भाऊ नॉर्वेत. घराची किल्ली शेजारणीकडे. मी परत कोणाकडे जाऊ? तुझी मुलगी इथे आहे. पुण्यात तुझा रिकामा फ्लॅट आहे. तरी तू रोज परत जायचं म्हणतेस. का?"

आईला इंग्रजीत एवढं जमेना. ती मराठीत बोलली, झाडाकडे बघत. "इथं मला काही कमी नाही. हिने जिवापाड केलं माझं. पण इथं मी फक्त हिची आई आहे. तिथं मी चार दिवस दिसले नाही ना, तर दूधवाला बेल वाजवून विचारतो, काकू, आहात की गेलात? प्रेमाने नाही, भोचकपणाने. पण विचारतात. इथं ही सोडून मला कोणी शोधणार नाही." मग माझ्याकडे वळून, "सांग तिला."

चुकीचं भाषांतर करायची ती उत्तम संधी होती. 'आईला हवा मानवत नाही' म्हटलं असतं तरी खपलं असतं. मला राग आला होता. सोळा महिने गरम पोळ्या एकमेकींना वाढल्या, लॉकडाउनमध्ये रोज संध्याकाळी हातात हात घालून ब्लॉकला फेऱ्या मारल्या, आणि ही म्हणते दूधवाला! पण मी शब्दन् शब्द सांगितला. भोचकपणासकट.

लीगा ऐकून घेऊन फोनकडे वळली आणि तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. इनाराबाई लांबलचक बोलल्या. लीगा आधी रडली, मग एकदम खो खो हसली.

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

"मी विचारलं, मी चार दिवस दिसले नाही तर आपल्या गावात कोणी दार वाजवेल का? त्या म्हणाल्या, त्या स्वतः बारा वर्षं आयर्लंडला होत्या. परतल्या तेव्हा पहिला हिवाळा रोज पस्तावल्या. दुकानात कोणी हसून बोलत नाही, साहेब खरंच पितात. पण चार दिवस कशाला? दुसऱ्याच दिवशी शेजारीण येईल आणि सांगेल की तुझे पडदे मळलेत."

"मग?" आई म्हणाली.

लीगाने डोळे पुसले आणि फोनमध्ये एकच शब्द बोलली. त्याचं भाषांतर करायला कोणी लागलं नाही. पलीकडून इनाराबाईंची किंकाळी ऐकू आली. क्रेग धावत आला, त्याला वाटलं साप निघाला. आईने बादलीतलं सगळ्यात चांगलं मँडरिन निवडून लीगाच्या ओटीत घातलं. ओटी म्हणजे तिचं मजुरांचं भडक रंगाचं हायव्हिज जॅकेट.

रविवारी आम्ही दोघीच परतलो. आईने शनिवारीही पैसे भरून तोडणी केली होती, त्यामुळे मागची सीट मँडरिननी भरलेली, सगळी निवडक. बेंडिगोपर्यंत आई घोरत होती.

तुम्ही जाणार असाल तर जून-जुलै चांगला. माश्या नसतात, सकाळी कडाका, दुपारी कोवळं ऊन. उयेनला तीनच्या आत पोचा. वायचप्रूफचा पर्वत चुकवू नका, नातेवाइकांना सांगायला बरा पडतो. आम्ही आलो आणि थोड्याच दिवसांत मेलबर्न पुन्हा बंद झालं. लीगा ऑगस्टमध्ये गेली. विमानतळावर सोडायला आत जाता आलं नाही, रस्त्यावरूनच हात हलवला. मागची खोली मी अजून भाड्याने दिलेली नाही.

या सहलीचं काय उरलं, तर एक गोष्ट कबूल करते. पुण्यातली करोनाची लाट ओसरली होती. आई दर रविवारी विचारायची, "विमान मिळतंय का गं?" मी लॅपटॉप उघडायचे, दोन मिनिटं खटखट करायचे आणि म्हणायचे, "नाही गं, सगळं फुल." त्यातल्या निम्म्या वेळा मी ऑफिसच्या ईमेल वाचत असायचे. लीगा गेल्यानंतरच्या रविवारी आईने विचारलंच नाही. ती खिडकीपाशी बसून मँडरिनच्या सालींचं लोणचं ढवळत होती. मी लॅपटॉप उघडला, आणि पहिल्यांदा खरंच शोधलं.

तिसऱ्या पानावर एका विमानात एक जागा होती. मी आईला हाक मारली.