दुसऱ्याची बाजू लिहिणारी हौसा

हौसाला लोक एकटं पाडतील, ही मथुराबाईंची काळजी काही केल्या जात नव्हती. तांदूळ निवडताना तीच, कपडे वाळत घालताना तीच. मुलगी सव्वीस वर्षांची, अजून लग्न नाही, मथुराबाईंचा नवरा मुंबईला गोदीत कामाला, आणि बंदरावर बोलणं सुरू झालेलं की वाचनालयातली हौसा ट्रॉलरवाल्यांना फितूर झाली.

हौसा मथुराबाईंची थोरली. सासूचं नाव ठेवलं, त्यासोबत सासूचा हट्टही आला असावा. सात वर्षांची असताना गणपतीच्या पूजेत तिने भटजींना विचारलं होतं, "तुम्हाला याचा अर्थ कळतो, की नुसतं पाठ आहे?" भटजी हसले म्हणून निभावलं. मथुराबाई त्या काळात बी.ए. झालेल्या, मुलीचे प्रश्न त्यांना आवडायचे. फक्त ते चारचौघांत विचारू नयेत, एवढंच त्यांचं मागणं असायचं.

चौऱ्याऐंशी साली ती बंदराच्या रस्त्यावरच्या छोट्या वाचनालयात कामाला लागली. तिथे संध्याकाळी पेपर वाचायला येणारे रोज एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. एकदा सदूने फारुकच्या तोंडावर पेपर फेकला. सदू लांज्याच्या काजू कारखान्यातला मुकादम, फारुक दाभोळचा, पाच वर्षं कुवेतला राहून आलेला. कामासाठी रत्नागिरीत आले की दोघेही इथे टेकायचे. दुसऱ्या दिवशी हौसाने टेबलावर एक दोनशेपानी वही ठेवली.

"भांडायचं तर हिच्यात," ती म्हणाली. "पण आधी समोरच्याचं म्हणणं लिहायचं. वाचून तो म्हणाला की होय, मला हेच म्हणायचंय, आणि त्याने खाली सही केली, की मग एक प्रश्न विचारायचा. आपलं मत त्यानंतर."

"मग शिव्या कधी घालायच्या गो?" सदूने विचारलं.

"प्रश्नाचं उत्तर आल्यावर. तोवर शिल्लक राहिल्या तर घाल."

वही चालली. लवू कंडक्टर ती कापडी पिशवीतून लांज्याला न्यायचा. दुसऱ्या गाडीने ती अंजनवेलला जायची आणि तिथून होडीने दाभोळला. हुंडा, कलमांवरची फवारणी, मुलींनी सायकल चालवावी की नाही, कशावरही लोक लिहायचे. कित्येकांनी एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं. 'र. अ.' अशी सही करणाऱ्या कुणाला तरी सदू सात महिने प्रश्न विचारत होता. ती रझिया नावाची शाळामास्तरीण आहे हे कळल्यावर तो आठवडाभर वाचनालयात फिरकला नाही. आठवड्यानंतर आला तो नवा प्रश्न घेऊनच. तीन वर्षांत चार वह्या भरल्या.

मग ट्रॉलरचा विषय निघाला. बंदरावरच्या केरूचं घर रापणीवर जगणारं. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून चाळीस-पन्नास माणसांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं. यांत्रिक बोटी बाहेरच्या बाहेर मासा उचलतात, किनाऱ्याला काही उरत नाही, ही त्याची तक्रार. फारुकच्या भावाने नुकताच ट्रॉलर घेतला होता. केरूला वादात उतरायचं होतं, पण लिहिता येत नव्हतं.

"तू लिव," तो हौसाला म्हणाला. "त्याचा म्हणणा मी सांगतंय."

त्याने सांगितलं, हौसाने लिहिलं, पाच वेळा खोडलं. ट्रॉलर का हवेत, परदेशात राबून आलेल्या माणसाने आपल्या किनाऱ्यावर धंदा का करू नये, बर्फ आणि गाड्यांमुळे किती हातांना काम मिळतं, सगळं आलं. खाली फारुकची सही आली. पान उलटून हौसाने केरूचा प्रश्न लिहिला: 'मासा संपला की तू कुवेतला परत जाशील. मी कुठं जाऊ?'

घोटाळा झाला तो इथेच. दाभोळला जाऊन आलेली वही टेबलावर उघडी होती. कुणीतरी पान न उलटता तेवढंच वाचलं. अक्षर हौसाचं, सही फारुकची. संध्याकाळपर्यंत बंदरभर झालं. तिसऱ्या दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष भागोजीराव, ज्यांच्या स्वतःच्या दोन रापणी होत्या, मथुराबाईंच्या ओटीवर येऊन बसले.

"पानाची मागची बाजू मी वाचलीय, वहिनी. पोरगी फितूर नाही, मला ठाऊक आहे. पण त्यांची बाजू इतकी झकास लिहायची गरज काय? उद्या आमचीच पोरं वाचून तिकडे जातील. परवा वाचनालयाची सभा आहे. पान फाडा, नाहीतर चावी द्या. उद्या संध्याकाळपर्यंत मला फोन करून काय ते कळवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मथुराबाईंनी विषय काढला.

"एक पान तर आहे. फाडून टाक गो. नोकरी राहील."

हौसा मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. "माझं म्हणणं काय आहे, ते आधी तू सांग."

"तुला माघार घ्यायची नाही."

"हे नाही."

"तुला वाटतं भागोजीराव चुकतायत."

"हेही नाही. त्यांची भीती खरी आहे. रापण बुडाली तर घरं बुडणार."

"मग मला नाही कळत बाई तुझं." मथुराबाई चिडल्या. "आण ती वही."

त्यांनी ते पान वाचलं. उलटून केरूचा प्रश्न वाचला. त्याखाली फारुकचं अक्षर होतं, अकरा दिवसांनी दाभोळहून परत आलेलं: 'याचं उत्तर माझ्याकडे नाही. भावाशी बोलतो.' एवढंच. फारुकसारखा बोलघेवडा माणूस एवढ्यावर थांबलेला त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

"हे एकच पान आहे," त्या हळूहळू म्हणाल्या. "फाडलं तर केरूचा प्रश्नही जाईल. आणि पुढची बाजू वाचल्याशिवाय तो प्रश्न कुणाला लागणार नाही. फारुकलाही लागला नसता."

हौसाने हात धुतले. "होय. मला हेच म्हणायचंय."

"हे भागोजीरावांना कळत नाही?"

"त्यांना कुणी विचारलं नसेल."

मथुराबाईंनी वही मिटली. पोरीला जपायचं म्हणून सकाळपासून त्यांनी मनात विनवणीचे शब्द जुळवले होते: लहान आहे, समज द्या, एवढी वेळ सांभाळून घ्या. सगळे शब्द खोटे होते. पोरगी लहान नव्हती आणि समजेत काही कमी नव्हतं.

त्या उठल्या, वही पदराखाली घेतली आणि शेजारी सुरय्याभाभींकडे गेल्या. आळीत फोन त्यांच्याकडेच होता.

"भागोजीरावांना लावायचाय, भाभी."

"गयावया करायला?" सुरय्याभाभींनी विचारलं. आळीत सगळ्यांना सगळं माहीत होतं.

"नाही. पान फाटणार नाही आणि चावी हवी असेल तर ती चार माणसांदेखत मागा, म्हणून सांगायला. आणि उद्या सभेत ते पान मी वाचणार आहे, दोन्ही बाजूंनी. केरूला पुढे बसवा, म्हणावं."

"वहिनी, ते भडकतील."

"भडकू देत," म्हणत मथुराबाईंनी रिसीव्हर उचलला.