घडीचे घर घेऊन निपाणीला

ज्याचे घर त्याच्याबरोबर चालते, त्याला जगात कुणाच्या आसऱ्याची गरज पडत नाही. हे सत्य मला बेळगावच्या कॅम्पात, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात गवसले. साहेबाचे घडीचे घर म्हणजे दोन चाकांवर बसवलेली लाकडी पेटी. झाकण दोन्ही अंगांना उघडले की दोन पलंग, आणि वर कॅनव्हासचे छत. ते मी घेतले. ओढायला मोटार लागते. मोटार माझ्याकडे नव्हती. पण घर तरी कुठे होते? वकिलीची पंधरा वर्षे मी भाड्याच्या घरात काढली होती, आणि निपाणीचे माझे मेहुणे, तंबाखूचे बडे व्यापारी, दर भेटीत त्याची आठवण करून देत.

त्यांच्या मुलाची मुंज ठरली तेव्हा मी कळवले: येतो, पण तुमच्या छपराखाली एक रात्रही काढणार नाही. अंगणात जागा ठेवा. घर आम्ही आणतो.

घर ओढायला उचगावचे परशुराम अण्णा बैल घेऊन आले. पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वकीलसायब, ह्यात भरायचं काय?"

"आम्ही. मी आणि बायको."

"दोघंबी?" त्यांनी बैलांकडे पाहिले. बैलांनी मत दिले नाही.

पहिला मुक्काम काकतीच्या पुढे, एका आंब्याखाली. साहेबाने हे घर पाच मिनिटांत उघडून दाखवले होते. आम्हाला दीड तास लागला, आणि एक दांडी उरली ती कशाची, हे शेवटपर्यंत कळले नाही. भाकरी-झुणका मात्र झकास झाला. अण्णा पेटीखाली, चाकांच्या मध्ये झोपले. आम्हा तिघांत झोप लागली ती त्यांनाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी, संकेश्वराच्या अलीकडे, एका गावाबाहेर आम्ही घर उघडले. बायको कळशी घेऊन विहिरीवर गेली आणि रिकामी कळशी घेऊनच परतली. मागून वीस पावले अंतर राखून पाटील आणि अर्धे गाव.

"तिथंच ऱ्हावा!" पाटील ओरडले. "बेळगावात उंदीर पडल्यात व्हय?"

(उंदीर पडणे ही प्लेगची पहिली वर्दी. उंदीर पडले की लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहतात.)

"नाही हो पाटील. आम्ही हौसेने बाहेर राहतोय."

"चांगलं घर टाकून शिकल्याला मानूस हौसेनं रानात झोपतोय व्हय? आमास्नी लईच खुळं समजलासा!"

"हेच मी यांना चार महिने विचारतेय," बायको म्हणाली.

पंधरा वर्षांत माझ्या विरुद्ध इतका चोख साक्षीदार उभा राहिला नव्हता. पाटलांनी निकाल दिला: दहा दिवस तिथेच. गावात नाही, पुढेही नाही. मुंज परवावर आली होती.

"निपाणीत वळखीचं कोन हाय?" त्यांनी विचारले.

मी छताची दोरी आवळू लागलो. बायकोने भावाचे नाव सांगितले. गावाचा सगळा तंबाखू त्यांच्याच वखारीत (गोदामात) जात होता. लगेच सायकलवर माणूस सुटला.

सकाळी मेहुणे मोटार घेऊन आले. दूर उभ्या राहिलेल्या गावाला त्यांनी सांगितले, "हे आमचे दाजी. ह्यांना प्लेग न्हाय. ह्यांना हौस हाय."

"आरारा!" पाटील हळहळले. प्लेगसाठी ते इतके हळहळले नव्हते.

अण्णा बैल घेऊन मागून यायचे ठरले. घर मोटारीला जुंपून आम्ही निपाणीला पोचलो. अंगणात घर उघडले, तोच वळीव कोसळला. कॅनव्हास ठिबकू लागला, मग गाद्या. मेहुण्यांनी वखारीचे दार उघडले.

"दाजी, तुमच्या घराला आत जागा करतो. तुम्ही कुठं उतरणार?"

मी वळून बायकोकडे पाहिले. ती केव्हाच माजघरात पोचली होती.

मुंज उत्तम झाली. मी मेहुण्यांच्या माडीवर तीन रात्री काढल्या आणि, खोटे कशाला सांगू, तिन्ही रात्री गाढ झोपलो. परतताना त्याच गावात पाटलांनी स्वतः ताक पाजले आणि हौसेची चौकशी केली.

प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. बेळगावला पोचताच मी घरमालकांची परवानगी काढून परसात चार खांब रोवले, वर पत्रे घातले आणि घर आत लोटले. घरमालकांनी परसाचे भाडे वेगळे लावले आहे. आता माझे घरही भाड्याच्या जागेत राहते.