तक्रार नव्हे, घटना

माजी सैनिकांच्या आमच्या दवाखान्यात मोठे साहेब तपासणीला येणार असले, की त्यांच्या आधी कुंड्या येतात. त्या कुठून येतात आणि साहेब गेल्यावर कुठे जातात, हे मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा फाटकापासून दारापर्यंत शेवंती उभी होती आणि व्हीलचेअरसाठी केलेला उतार तिने अर्धा अडवला होता. दारावर ‘सुरक्षित सेवा, दर्जेदार उपचार’ असा कापडी फलक लावणं चाललं होतं. फलक लावणारा डगमगत्या स्टुलावर उभा होता. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. सुरक्षिततेचे फलक आमच्याकडेही असेच जीव धोक्यात घालून लावतात, त्यामुळे मला परकं वाटलं नाही.

बाबा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून ते रावेतला माझ्याकडे असतात. गाडीतून उतरल्यावर त्यांनी कुंड्यांकडे पाहिलं.

“ओळ सरळ नाही,” ते म्हणाले.

“उतार अडलाय, बाबा.”

“तेही आहे. पण ओळ सरळ नाही.”

त्या दिवशी बाबांना एक काम करायचं होतं, आणि ते त्यांच्या आयुष्यभराच्या सवयीविरुद्ध होतं. साहेबांसमोर तोंड उघडायचं होतं.

झालं होतं असं. काही दिवसांपूर्वी बाबा सकाळी न्हाणीघराच्या दारात पडले. खुबा वाचला, पण कपाळाला टाके पडले. चिंचवडच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्यांच्या औषधांची पिशवी टेबलावर ओतली आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या बाजूला काढल्या. एक गुलाबी, एक पांढरी. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, औषध एकच, रक्तदाबाचं. दवाखान्यात पुरवठा बदलला होता. जुनी पट्टी संपायच्या आत नवी हातात आली आणि बाबा दोन्ही घेत राहिले.

“दोन्ही का घेतल्या?” मी विचारलं.

“इश्यू झाल्या होत्या.”

हे उत्तर कळायला फौजेतल्या माणसाच्या घरी जन्मावं लागतं. फौजेत जे इश्यू होतं ते वापरायचं असतं. बूट चावला तरी वापरायचा, घोंगडी टोचली तरी पांघरायची. हे मला का दिलं, असं विचारणाऱ्या माणसाची फौजेत फार प्रगती होत नाही. औषधाच्या खिडकीवरच्या माणसाने ‘जुनी बंद करा’ असं बहुधा सांगितलंही असेल. पण त्या खिडकीला काच आहे, काचेला बशीएवढं भोक आहे, आणि काचेच्या अलीकडे रांगेत उभे असतात ते आपले कान तोफांना देऊन आलेले लोक. बाबा कोणाचंही बोलणं ऐकू आलं नाही तर मान डोलावतात. त्याने संभाषण लवकर संपतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण आहेत, कंत्राटी आहेत आणि सकाळपासून मान वर न करता काम करतात. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

“असं आणखी किती जणांचं होत असेल?” त्या म्हणाल्या. “मी दोनदा वर कळवलंय, की रंग बदलला तर जुनी गोळी परत घेण्याची काहीतरी पद्धत हवी. पण मी बोलले की ती माझी कुरकुर होते. तपासणीच्या दिवशी सुभेदारसाहेब स्वतः बोलले तर ऐकतील.”

बाबा म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ नाही असा होतो. पण तपासणीच्या दिवशी ते आपणहून इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले, म्हणून मला आशा वाटली.

बाकावर त्यांचे एक मित्र आधीच बसले होते. हे निघोज्याचे. फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते, नाईक या हुद्द्यावरून सुटले म्हणून सगळे त्यांना नाईकच म्हणतात, आता गावच्या रस्त्यावर मुलाबरोबर गॅरेज चालवतात. ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे शीरखुर्म्याचा डबा येतो, आणि डबा रिकामा परत गेलेला बाबांना चालत नाही. दोघांची जन्मात कधी एका ठिकाणी पोस्टिंग नव्हती, तरी दोघे एकाच युद्धावरून आल्यासारखे बोलतात.

“सुभेदारसाहेब, कपाळावर काय मेडल घेतलं?” नाईक म्हणाले.

“पडलो.”

“तोफखान्याचा निशाणा चुकतो, ऐकून होतो आमी. पाय बी चुकतो व्हय?”

बाबा हसले. नाईक सरकून जागा द्यायला उठले आणि क्षणभर त्यांनी भिंत धरली.

“काय झालं?” मी म्हटलं.

“काय न्हाई गं. रक्त द्यायचं व्हतं, म्हणून उपाशी हाय. अन् चार दिवस ऊन बी लई हाय.”

साहेब आले. फौजेतूनच निवृत्त झालेले, उंच, बोलायला मऊ. त्यांच्या मागे दोन माणसं आणि त्या माणसांच्या मागे आणखी दोन. त्यांनी कुंड्या पाहिल्या, फलक पाहिला, मग बाकांपुढे उभे राहून प्रेमाने विचारलं, “किसी को कोई तकलीफ?”

या प्रश्नाला एक इतिहास आहे. फौजेत दरबार भरतो. सगळे जवान खाली बसतात, कमांडिंग ऑफिसर समोर येतात आणि कोणाचा काही मुद्दा आहे का, असं विचारतात. त्यावर शांतता पसरते. ही शांतता आपोआप येत नाही, ती आदल्या संध्याकाळी तयार करावी लागते, आणि ती तयार करण्याचं काम सुभेदारांकडे असतं. कोण बोलणार, काय बोलणार, आणि मुख्य म्हणजे कोण बोलणार नाही, हे बाबांनी वर्षानुवर्षं ठरवलं होतं. अर्ध्या तासापूर्वी त्याच बाकांवर रांगेबद्दल, पंख्याबद्दल, बाहेरच्या इस्पितळात पाठवताना होणाऱ्या फेऱ्यांबद्दल पोटतिडकीने बोलणं चाललं होतं. आता सगळे चेहरे कोरे झाले.

साहेबांची नजर टाक्यांवर गेली. “आप बताइए, साहब. कोई तकलीफ?”

बाबा ताठ उभे राहिले. डॉक्टर दारात होत्या. मी मान हलवून खूण केली. ती बाबांनी पाहिली, हेही मी पाहिलं.

“सब ठीक है, सर.”

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढे गेले.  डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

परत निघताना नाईकांना निघोज्याला सोडायचं ठरलं. मी गाडी चालवताना एक शब्द बोलले नाही. आमच्या घराण्यात रागावण्याची ही मान्य पद्धत आहे. बाबा शेजारी बसून मला डावीकडे घे, ट्रकला जाऊ दे, असं सांगत होते. तळवड्याच्या आसपास कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर यांच्यात अडकून आम्ही उभे राहिलो. मागे नाईकांनी बिस्किटाचा पुडा फोडला.

“रक्त दिलं एकदाचं. आता गोळ्या घ्यायला हरकत न्हाई,” ते म्हणाले. मग पाण्याची बाटली मागितली.

बाबांनी बाटली द्यायला मान वळवली आणि तशीच ठेवली. मी आरशात पाहिलं. नाईकांच्या एका हातात गुलाबी पट्टी होती, दुसऱ्या हातात पांढरी.

“ही पांढरी कधीपासून?” बाबांनी विचारलं.

“मागल्या खेपेला मिळाली. का हो?”

“आणि गुलाबी?”

“ती जुनीच. दोन्ही सकाळी एकदम घेतो. तवापासनं जरा डोकं हलकं वाटतंय बघा. म्हातारपण, दुसरं काय.”

बाबांनी हात मागे नेला आणि दोन्ही पट्ट्या त्यांच्या हातातून काढून घेतल्या. एरवी ते नाईकांना कधी हुकूम करत नाहीत. “आज एकही नाही. आधी डॉक्टर,” ते म्हणाले. मग मला म्हणाले, “गाडी फिरव.”

“इथे?”

“जिथे जमेल तिथे.”

“सुभेदारसाहेब, घरी भाकऱ्या झाल्या असतील,” नाईक म्हणाले.

“आज तू माझ्या दारात पडला असतास तर भाकरी कोणी खाल्ली असती?”

“तुमच्या दारात कशाला पडू? मला माझं दार न्हाई व्हय?” नाईक म्हणाले. पण मग त्यांनी बाबांच्या कपाळाकडे पाहिलं. डोकं हलकं वाटण्याचा आणि बाबांच्या टाक्यांचा संबंध त्यांच्या लक्षात येत होता.

आम्ही परतलो तेव्हा कुंड्या अजून होत्या, म्हणजे साहेबही होते. डॉक्टरांच्या खोलीत साहेबांसमोर समोशाची बशी होती. बाबा दारात उभे राहिले आणि त्यांनी टाचा जुळवल्या. पायांत मी आणलेले स्पोर्ट्‌सचे बूट होते, त्यामुळे काही आवाज झाला नाही. पण खोलीतले सगळे वळले.

“सर, एका घटनेचा रिपोर्ट द्यायचा आहे,” असं त्यांनी हिंदीत सांगितलं आणि परवानगीची वाट न पाहता सुरुवात केली. ठिकाण, राहत्या घरी. वेळ, सकाळ. काय घडलं, एकाच औषधाच्या दोन प्रकारच्या गोळ्या घेतल्याने एक माणूस पडला, डोक्याला जखम. कारण, नवी गोळी इश्यू झाली, जुनी परत घेतली गेली नाही. सद्यस्थिती, दुसरा माणूस त्याच वाटेवर, बाहेर बाकावर बसला आहे, आत्ता तपासावा. मग त्यांनी दोन्ही पट्ट्या समोशाच्या बशीशेजारी ठेवल्या.

कपाळावर टाके असलेला माणूस ‘एक माणूस पडला’ असं तिऱ्हाईताबद्दल सांगितल्यासारखं सांगत होता. कोणी हसलं नाही.

डॉक्टर आधी उठल्या आणि नाईकांकडे गेल्या. साहेबांनी पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या, मागचं बारीक अक्षर वाचायला चष्मा लावला, तरी वाचता आलं नाही, तेव्हा त्या खिडकीशी नेऊन उजेडात धरल्या.

“साहब, मैंने आपसे सुबह पूछा था,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तब क्यों नहीं बताया?”

“सर, सुबह आपने तकलीफ पूछी थी. ये तकलीफ नहीं है. ये घटना है.”

बाबांनी हे अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. तक्रार करणं म्हणजे आपलं रडगाणं गाणं, ते त्यांच्याच्याने होणार नव्हतं. पण घडलेली घटना वर न कळवणं हा गुन्हा होता. सकाळभर आम्ही सगळे त्यांना चुकीचा प्रश्न विचारत होतो, मीही आणि डॉक्टरही.

 साहेबांनी औषधाच्या खिडकीवरच्या माणसाला बोलावलं. तोही फौजेतलाच, आयुष्य भांडारात काढलेला. त्याचा चेहरा पडला होता. “मी सांगतो, साहेब, प्रत्येकाला सांगतो,” तो म्हणाला. “पण काचेतून कोणाला ऐकू जातं?” आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “आमच्या स्टोअरमध्ये जुना बूट जमा केल्याशिवाय नवा देत नव्हतो.”

साहेबांनी मान वर केली. “तो यहाँ क्यों देते हैं?”

 

नाईकांचा रक्तदाब फार खाली गेला होता. त्यांना दुपारभर दवाखान्यात झोपवून ठेवलं आणि बाबा शेजारी स्टूल घेऊन बसले, तेच फलकवालं डगमगतं स्टूल. संध्याकाळी नाईकांच्या डोळ्यांत तरतरी आली, तेव्हा त्यांनी पहिली चौकशी भाकऱ्यांची केली.

आता तिथे जुनी पट्टी जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही. या नियमाविरुद्ध एकाही म्हाताऱ्याने कुरकुर केली नाही, उलट इतकी वर्षं हे नव्हतं याचंच त्यांना नवल वाटलं. डॉक्टर आता ‘काही त्रास?’ असं विचारत नाहीत. ‘मागच्या वेळेपासून काय घडलं?’ असं विचारतात आणि मग खुर्चीत मागे टेकून बसतात, कारण उत्तर लांब असतं. बाकी सगळं सुधारलं असं म्हणवत नाही. रांग आहे, पंखा तसाच आहे, काचेचं भोक बशीएवढंच आहे. बाकांवर कोणी कोणत्या क्रमाने घटना सांगायच्या हे आता बाबा ठरवतात, म्हणजे दरबार पुन्हा भरू लागला आहे. कुंड्याही येतात, फक्त उताराच्या बाजूला ठेवतात. ओळ सरळ असते. ती कोण लावतं, हे मी विचारलेलं नाही.

मीही शिकले. आधी मी कामावरून आल्यावर विचारायची, “बाबा, बरं वाटतंय ना?” ते म्हणायचे, “ठीक.” आई गेल्यापासून आमचं एवढंच बोलणं होत असे. आता बूट काढता काढता मी विचारते, “आज काय घडलं?”

ते वर्तमानपत्र बाजूला ठेवतात आणि सांगतात. अंघोळीनंतर किंचित अंधारी आली, दाराचा आधार घेतला, पडलो नाही. दूधवाला आला नाही. नाईकांचा फोन, तब्येत ठीक.

परवा हे सगळं सांगून झाल्यावर ते थोडे थांबले. रिपोर्ट पूर्ण झाला नव्हता.

“दुपारी चहा केला,” ते म्हणाले. “दोन कप काढले. मग एक परत ठेवला.”